आजींच्या फोनवरचा गेम

सेवेत असताना हाताळलेली बहुतेक प्रकरणं आता गुन्हा क्रमांकासकट विसरलो आहे आणि त्याचं मला दुःखही नाही. एक मात्र सुटत नाही. घरात कुणाच्या फोनमधून लहान बाळाच्या रडण्याचा आवाज आला की मी अजूनही हातातलं काम सोडून वळून बघतो. बायको म्हणते, "अहो, फोन आहे तो, कुणी रडत नाहीये." ते मलाही कळतं. तरी मान वळतेच.

तेव्हा मी पश्चिम उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत विलेपार्ल्याचा पूर्वेकडचा भाग येई. शांत इमारती, जिन्यात तुळशीच्या कुंड्या, दुपारी दारं लावून झोपणारी माणसं. असल्या हद्दीत पोलिसाला काम कमी असतं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे इथल्या तक्रारी जास्त जड असतात, कारण तक्रारदाराला लिहिता-बोलता येतं आणि कुणाला फोन करायचा तेही ठाऊक असतं.

एका संध्याकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. ते थेट हॉस्पिटलमधून आले होते. त्यांच्या आईला दुपारी पक्षाघाताचा झटका आला होता, ती अतिदक्षता विभागात होती, आणि डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की थोडं आधी आणलं असतं तर आशा जास्त होती.

"घरात बाई ठेवली होती मी," ते म्हणाले. "आईजवळ बसायला. तेवढंच काम. आणि ती आईच्या फोनवर गेम खेळत बसली होती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"समोरच्या काकूंनी ऐकलंय. आणि हे बघा."

त्यांनी आईचा फोन पुढे केला. वर एक सूचना आली होती: तुमचा गेम तयार आहे, चला खेळूया. गेम त्याच दुपारी फोनवर उतरवलेला होता. ज्या वेळी आई पलंगावर तडफडत होती त्याच वेळी.

मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली. इतका सरळ मामला क्वचित समोर येतो. म्हातारी, निष्काळजी नोकर, साक्षीदार, फोनमध्ये पुरावा. माझ्या फौजदाराने तर मनातल्या मनात दोषारोपपत्र लिहायला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा जबाब घेतला. समोरासमोरचे फ्लॅट, मध्ये फक्त जिन्याची मोकळी जागा. काकू नीटनेटक्या, निवृत्त शिक्षिका, प्रत्येक वाक्य पूर्ण करणाऱ्या. "मी कुणाच्या घरात डोकावणारी नाही हो," अशी त्यांनी सुरुवात केली. अशी सुरुवात करणारा माणूस पुढे बरंच सांगतो हा माझा अनुभव आहे.

त्या दुपारी आडव्या झाल्या होत्या. समोरून मोठ्यानं गेमचा आवाज यायला लागला. संगीत, मूल रडतंय, बाई किंचाळतेय, मग टाळ्या. थांबे आणि पुन्हा सुरू होई. आजींना कमी ऐकू येत असल्याने त्यांच्या फोनचा आवाज नेहमीच पूर्ण चढवलेला असे, हे काकूंना माहीत होतं. "मला इतका राग आला," त्या म्हणाल्या, "की उठून सांगणार होते, बाई गं, दुपारची वेळ आहे. पण म्हटलं जाऊ दे, उगाच वाद नको. कानावर उशी घेतली."

हवालदाराने जबाबात लिहिलं: गेममधून संगीत, मुलाचे रडणे, बाईचे किंचाळणे व टाळ्या असे आवाज येत होते. काकूंनी वाचून सही केली. मीही वाचलं. खटकण्यासारखं काहीच वाटलं नाही.

मग त्या बाईंना नोटीस देऊन बोलावलं. वाकोल्याहून आल्या, चालत. चाळिशीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले. मूळच्या मराठवाड्यातल्या, नवरा रिक्षा चालवतो, घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे दिवा लावूनच ड्युटीला निघणाऱ्या. आजारी माणसं सांभाळायला बायका पुरवणारा एक ब्युरो असतो, त्याच्यामार्फत बरीच वर्षं त्या हेच काम करत होत्या. सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात बसवायचं नाही हा नियम, म्हणून सकाळीच बोलावलं आणि सोबत आमच्या महिला हवालदार बसल्या. त्यांना आम्ही सगळे मॅडमच म्हणायचो, मीसुद्धा.

"गेम कशाला खेळलात?" मी विचारलं.

"मी खेळले नाही, साहेब."

"मग आवाज कसला येत होता?"

"मी दादांना फोन लावत होते." दादा म्हणजे तो मुलगा, फिर्यादी. "फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो. पण फोन लागायच्या आधी एक बाई येती, लेकरू घेऊन. थंडीनं काकडत असती. लेकरू रडतंय. ती जातच नाही. बंद करायला गेलं की दुसरंच काहीतरी उघडतं."

"बाई म्हणजे? स्क्रीनवर?"

"हां. बर्फ असतो. घराला भोकं पडलेली. तिला लाकडं द्यायची असतात वाटतं."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी ओठ आवळले. इतकं बारीक वर्णन, आणि म्हणे खेळले नाही. चोर पकडला गेला की तो कमी बोलतो किंवा फार बोलतो. ही फार बोलणाऱ्यातली असं माझं मत झालं.

"तुमचा स्वतःचा फोन कुठे होता?"

"कपाटात. वहिनी कुलूप लावून जातात. ड्युटीवर फोन नको असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. बायका दिवसभर फोनवर असतात म्हणून."

"शेजारी का नाही गेलात?"

"आजींना उलटी होत होती. एका कुशीवर धरून ठेवलं होतं त्यांना. सोडलं असतं तर गुदमरल्या असत्या. एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्या हातात फोन. हाका मारल्या मी. कुणी आलं नाही."

"समोरच्या काकू घरातच होत्या. त्यांनी हाक ऐकली नाही."

त्या म्हणाल्या, "मारल्या साहेब. लई मारल्या."

त्या रडल्या नाहीत, गयावया केली नाही. मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिल्या. आमच्या धंद्यात याचेही दोन अर्थ निघतात, आणि त्या दिवशी मी वाईट तो काढला.

तरी त्यांचं म्हणणं पडताळून पाहणं आमचं काम होतं. फोन जप्त केला होता आणि जप्त केलेला फोन आम्ही लगेच फ्लाईट मोडवर टाकतो. बाहेरून कुणी त्यातला मजकूर पुसू नये यासाठीची ती काळजी असते. दोन पंचांसमोर सील फोडलं. आजींच्या फोनवर मुलाने एक अॅप टाकलेलं होतं. सगळा पडदाच त्या अॅपचा. आकडे नाहीत, याद्या नाहीत, फक्त मोठमोठे फोटो: मुलगा, परदेशातली मुलगी आणि डॉक्टर. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या फोटोवर बोट ठेवायचं. वयस्कर माणसासाठी चांगलीच सोय होती.

मॅडमनी मुलाच्या फोटोवर बोट ठेवलं. फोन ताबडतोब लावायला लागला आणि रेंज नाही असं दाखवून थांबला. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. डॉक्टरांचा फोटो, मुलीचा फोटो. कुठे बर्फ नाही, बाई नाही, लेकरू नाही.

त्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. त्यांनी फोनकडे असं पाहिलं की मला आजही ते डोळे दिसतात. "असं नव्हतं," त्या म्हणाल्या. "साहेब, असं नव्हतं ते." पंचांपैकी एकाने खाली बघून डोकं हलवलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं: सदर मोबाईलवरून कॉल लावताना मध्ये कोणताही अडथळा येत नसल्याचे दिसून आले.

त्याच आठवड्यात आजी गेल्या.

मामला बदलला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्याचं कलम लागलं. मुलगा अंत्यविधी आटोपून पांढऱ्या कपड्यांत ठाण्यात आला आणि त्याने एवढंच विचारलं, "ती अजून बाहेर कशी?" वरून उपायुक्तांचा फोन आला. आवाज मवाळ होता पण अर्थ स्पष्ट होता. ब्युरोने बाईंना कामावरून काढलं होतं. ब्युरोला पोलीस पडताळणी लागते. एकदा गुन्ह्यात नाव आलं की मुंबईतल्या कुठल्याच घराचं दार त्यांना उघडणार नव्हतं, आणि तुरुंगवास झाला तर पुढचं बोलायलाच नको. फौजदाराने अटकेचे कागद तयार करून माझ्या टेबलावर ठेवले. फक्त सही राहिली होती.

मी सही केली नाही. कुणाचा कळवळा आला म्हणून नव्हे. एक बारीक गोष्ट डोक्यात टोचत होती. त्या बाईंनी जे वर्णन केलं ते इतकं नेमकं होतं, तर तो गेम एकदा आपण बघावा असं मला वाटलं. आरोपी जे सांगतो ते खोटं ठरवायलाही आधी बघावं लागतंच.

मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या फोनवर तो गेम उतरवा."

"सर, माझ्या फोनवर?" त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण उतरवला. उघडला. रंगीत गोळ्या. तीन सारख्या जुळवल्या की फुटतात. मॅडमनी एक पायरी पार केली, दुसरी केली. मी म्हटलं, "बाई कधी येते?"

"कुठली बाई सर?"

"बर्फातली. लेकरू घेतलेली."

पुढे खेळत राहिल्या. मग मीच फोन मागून घेतला आणि खेळायला लागलो, कारण साहेबांना जास्त घाई होती. मी बऱ्याच गोळ्या फोडल्या. बाहेर हवालदार मंडळी आपापसांत कुजबुजत असतील की साहेबांचं बिनसलंय. पण त्या गेममध्ये बर्फच नव्हता. घर नव्हतं. रडणारं मूल नव्हतं.

मॅडम अचानक म्हणाल्या, "सर, ते जाहिरातीत असतं. माझ्या मुलीच्या फोनवर येतं ना. जाहिरातीत वेगळंच काहीतरी दाखवतात, बाई मरतेय, वाचवा तिला. आणि उतरवला की आत ह्या गोळ्या. एकदम फसवाफसवी."

मी खुर्चीत मागे टेकलो. ज्याने गेम खेळला त्याला गोळ्या दिसायला हव्या होत्या. त्या बाईंनी गोळ्यांचा एक शब्दही काढला नव्हता. त्यांनी जे पाहिलं ते फक्त जाहिरातीत होतं. म्हणजे गेम आजींच्या फोनवर होता पण त्या त्याच्या आत कधी गेल्याच नव्हत्या.

अटकेचे कागद मी ड्रॉवरमध्ये टाकले. आता जाहिरात दाखवून द्यायची होती. फ्लाईट मोडचा घोळ मॅडमनी तिथल्या तिथे ओळखला: नेट बंद तर जाहिरात येणार कुठून? आपण ज्या काळजीने फोन जपला त्याच काळजीने आतली चीज लपवली. मॅडमच्याच फोनवर फोटोंचं ते अॅप टाकलं, नेट चालू ठेवलं आणि मुलाच्या फोटोऐवजी माझा फोटो लावून बोट ठेवलं.

टेबलावरचा माझा फोन लगेच वाजला. काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा लगेच वाजला. दिवसभर मधून मधून करत राहिलो. स्वच्छ, सुरळीत, अडथळा नाही.

"सर, वाट लागली," मॅडम म्हणाल्या. "हे अॅप तर साधूच निघालं."

फौजदाराचा चेहरा सगळं बोलत होता. उपायुक्तांकडे मी दोन दिवस मागितले. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, पण मला उत्तर द्यावं लागतंय." हा माणूस सभ्य होता, म्हणूनच जास्त दडपण आलं.

अॅप बनवणाऱ्यांचा पत्ता अंधेरीचा निघाला. काचेची इमारत, थंडगार हवा, भिंतीवर हसणाऱ्या आजी-आजोबांचं मोठं चित्र. तिथला मुख्य माणूस तिशीतला, पायात चप्पल, वागायला अदबशीर. कॉफी विचारली. मी नको म्हटलं आणि मॅडमचा फोन त्याच्यापुढे ठेवला.

"या अॅपमध्ये फोन लागायच्या आधी जाहिरात येते का?"

"येते ना सर. फ्री व्हर्जनमध्ये."

"यात येत नाहीये."

तो हसला. "नवीन असेल. पहिले काही दिवस आम्ही काहीच दाखवत नाही. आधी सवय लागू द्यायची. घरच्यांनी आई-वडिलांना शिकवलं, फोटो लावले, की मग सुरू करतो. तेव्हा कुणी काढून टाकत नाही."

माझ्या शेजारी मॅडमचा श्वास ऐकू आला.

मी त्याला बोलू दिलं. स्वतःच्या कामाविषयी बोलायला मिळालं की माणूस पोलीस समोर आहे हे विसरतो. त्याने सांगितलं, खाली पट्टीची जाहिरात असते, तिच्याकडे कुणी बघत नाही, डोळा आपोआप ती गाळतो. म्हणून पूर्ण पडदा व्यापणारी. तीही लोक बंद करतात, म्हणून हलणारी, आवाजाची, बोट लावून थोडी खेळता येणारी.

"आणि बंद करायची फुली इतकी बारीक का?"

"मोठी केली तर लोक लगेच बंद करतात, सर."

"बोट चुकून बाजूला लागलं तर?"

"तर गेमचं पान उघडतं. काही फोनवर लगेच उतरायला पण लागतो. आमच्या दृष्टीने तो क्लिकच."

"पण फोन लावतानाच का? दुसरी वेळ नाही का मिळत?"

"उलट तीच सगळ्यात चांगली, सर. फोन लावताना माणूस हमखास स्क्रीनकडे बघतोच. तेव्हा त्याला बाकी काही सुचत नसतं."

हे त्याने अगदी निर्मळपणे सांगितलं. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं आणि कॉलर धरायला तर अजिबात नव्हतं. मी फक्त विचारलं, "तुमच्या घरी कुणी वापरतं का हे?"

"आई वापरते. तिच्या फोनवर मी पैसे भरून जाहिराती बंद केल्यात."

मग मी त्याला त्या दुपारी काय झालं ते सांगितलं. हळू आवाजात, एका पाठोपाठ एक. शेवटी त्याने लॅपटॉप ओढला आणि मॅडमच्या फोनवर जाहिराती चालू करून दिल्या. त्या गेमची जाहिरात अजून चालू आहे का, हेही पाहिलं. चालू होती. पुढे आम्ही मागितलेली नोंदही त्याने लेखी दिली: त्या दुपारी आजींच्या फोनवर हीच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवली गेली होती.

प्रात्यक्षिक आजींच्या घरीच ठेवलं. नवे पंच घेतले. मॅडमच्या फोनवर मुलाचा खरा फोटो आणि खरा नंबर टाकला, आवाज पूर्ण चढवला. मुलगा हॉलमध्ये हाताची घडी घालून उभा होता, त्याला हा सगळा फार्स वाटत होता. काकूंना त्यांच्याच घरी, त्याच खोलीत, दार लावून बसायला सांगितलं. त्या बाईंनाही बोलावलं होतं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, आत यायला तयार नव्हत्या.

आजींच्या खोलीत पलंग तसाच होता, वरची गादी काढलेली. मॅडमनी फोटोवर बोट ठेवलं.

संगीत सुरू झालं. बर्फ, मोडकं घर, कुडकुडणारी बाई, कडेवर मूल. मूल रडायला लागलं आणि तो आवाज त्या रिकाम्या खोलीत इतका मोठा वाटला की पंचांपैकी एकाने कानावर हात नेला. मॅडम फुली शोधत होत्या. दिसली, दाबली, गेमचं पान उघडलं. मागे आल्या तर पुन्हा फोटो. पुन्हा बोट, पुन्हा बर्फ. मध्येच टाळ्या. मॅडम सावध होत्या, दोन्ही हात मोकळे होते, समोर कुणी मरत नव्हतं, तरी त्यांच्या कपाळावर घाम आला.

काकू दार उघडून बाहेर आल्या. "हाच आवाज," त्या म्हणाल्या. "अगदी हाच. संगीत, ते मूल, टाळ्या." मग थांबल्या. "पण बाई?"

"कुठली बाई, काकू?"

"बाई किंचाळत होती ना त्यात. ती नाही ऐकू आली."

मी त्यांना जाहिरात दाखवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. काकूंनी चष्मा लावून बघितली. पुन्हा दाखवा म्हणाल्या. पुन्हा दाखवली. बर्फातली ती बाई फक्त कुडकुडते. तिला आवाजच दिलेला नाही.

"ही तर तोंडसुद्धा उघडत नाही," काकू म्हणाल्या.

काकूंनी चष्मा काढला आणि दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईंकडे पाहिलं. "तू ओरडत होतीस?"

"तुमच्या दाराकडं तोंड करून ओरडत होते, काकू."

काकू तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी त्यांना काही विचारलं नाही. पुरवणी जबाब नंतर घेतला. त्या दिवशी त्यांच्याकडून दुसरं काही घेणं मला जमलं नसतं.

मुलगा अजून हॉलमध्येच होता, पण हाताची घडी सुटली होती. तो आत आला. "आई सांगायची," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते त्यालाही कळत नसावं. "तुला फोन लावला की आधी एक बाळ रडतं, म्हणायची. मला वाटलं वय झालं, काहीतरी ऐकू येत असेल. मी हसलो होतो."

त्याने मॅडमपुढे हात केला. "मला बघू द्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पंचनाम्यात याची गरज नव्हती. तरी मी मान हलवली.

त्याने स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं. बर्फ आला. बाळ रडायला लागलं. तो शिकलेला माणूस, दिवसभर संगणकावर काम करणारा, पण त्यालाही फुली लगेच सापडली नाही. पहिल्यांदा गेमचं पान उघडलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो पडद्यावर जोरजोरात बोट मारू लागला. तसंच त्या दुपारी कुणीतरी मारलं असणार. मग एकदाची जाहिरात गेली आणि त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला.

तो उचलेना. फोन वाजत राहिला. हातातल्या फोनवर त्याचा हसरा फोटो, खिशात घंटी, आणि तो गादी नसलेल्या पलंगाकडे बघत उभा.

दाराशी उभ्या असलेल्या बाई आत आल्या. त्यांनी त्याच्या हातातून फोन हळूच काढून घेतला आणि कॉल बंद केला. "लागला, दादा," त्या म्हणाल्या. "लागला होता शेवटी."

प्रकरणात मी 'क' समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा, आणि न्यायालयाने ती मान्य केली. फिर्यादीची हरकत नव्हती. उलट ब्युरोला पत्र लिहून द्यायला तो स्वतः आला. त्या बाई पुन्हा कामाला लागल्या. अॅपविषयीचा अहवाल मी सायबर विभागाकडे धाडला. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि विचारायला मी सेवेत राहिलो नाही.

जप्त फोन नेट बंद ठेवून तपासला तर तो अर्धाच बोलतो, हे मी नंतर प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितलं. साक्षीदाराविषयीही सांगितलं. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी बाईचं ओरडणं ऐकलं, खरंखुरं ऐकलं, पण फोनमधून इतका आवाज येत होता की त्यांनी तेही त्यातच जमा केलं. आणि आम्ही ते जबाबात लिहून त्यावर सही घेतली. दिवसभर खोट्या किंकाळ्या कानावर पडणाऱ्या माणसाला खरी हाक ओळखू येत नाही, यात माझ्या मते सगळ्यात मोठा धोका आहे, आणि त्यासाठी कुठलंही पोलीस ठाणं पुरं पडणार नाही.

लोक मला विचारतात, मग चूक कुणाची? मुलाची म्हणावी तर त्याने आईसाठी शोधून, वेळ काढून, हौसेनं ते अॅप टाकलं होतं. जबाबात त्याने सांगितलं की फोटो लावून झाल्यावर तो आईला म्हणाला होता, "काही झालं तर फक्त माझ्या फोटोवर बोट ठेव, मी येतो." हे लिहून घेताना आमचा हवालदार थांबला होता. तो मुलगा खरंच आला असता. त्याच्या आणि त्याच्या आईच्या मध्ये कुणी जागा विकत घेतली आहे, हे त्याला माहीत नव्हतं.